बीकन घेऊ की एअरबॅग?

गुलमर्गला अफरवटच्या उतारांवर स्कीइंगला निघालेला कोल्हापूरच्या राजारामपुरीतला एक दोस्त विचारतोय: हिमस्खलनातून वाचायला बीकन (अंगावरचं सिग्नल देणारं यंत्र) घेऊ की एअरबॅग (पाठीवरची फुगणारी पिशवी)? पैसे एकापुरतेच आहेत.

किंमत बघितली तर एअरबॅग कितीतरी पट महाग. वर पाठीवर दोन-तीन किलो ओझं. गॅसच्या सिलिंडरनं फुगणारी असेल तर विमान कंपनीची परवानगी आधीच काढावी लागते, हा वेगळाच ताप.

खरा फरक कामात आहे. हँडल ओढलं की एअरबॅग फुगते आणि हिमस्खलनात माणूस वरच्या थरात राहण्याची शक्यता वाढते. फरसाणाचा डबा हलवला की मोठे तुकडे वर येतात, तसं. पण वाटेत झाडं, कडे आले तर ती काही करू शकत नाही. बीकन माणसाला गाडलं जाण्यापासून वाचवत नाही. ते ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल देतं, सोबत्यांनी शोधायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात, म्हणून प्रत्येकाकडे बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हवंच. मोबाइल बीकनला चिकटून ठेवलास तर गोंधळ होतो. सराव इथंच कर, मसाई पठारावर गवतात लपवून.

भावा, पहिल्यांदा आणि ग्रुपनं जातोयस तर बीकनच घे. एअरबॅग दरवर्षी जाणाऱ्यांसाठी, तीही बीकननंतर. एकटाच जाणार असशील तर दोन्ही राहू दे, हिमस्खलनाचा धोका असलेल्या ३० ते ४५ अंशांच्या उतारांकडे फिरकू नकोस.