थंडरबर्ड: मेलच्या शेजारीच बातम्यांची सोय

गूगल रीडर ही फीड (म्हणजे संकेतस्थळांवरील नव्या मजकुराची आपोआप येत राहणारी यादी) वाचण्याची सेवा 2013 च्या जुलैमध्ये बंद झाल्यानंतर अनेकांनी फीड वाचणे सोडून दिले; परंतु कोणती बातमी आधी दिसावी हे ज्यांना एखाद्या कंपनीच्या अल्गोरिदमवर सोपवायचे नाही, त्यांच्यासाठी मोझिला परिवारातील थंडरबर्ड हा मोफत ईमेल प्रोग्राम आजही भरवशाचा पर्याय आहे. त्यात फीडचे स्वतंत्र खाते उघडून संकेतस्थळाचा आरएसएस पत्ता, म्हणजे त्याच्या फीडची लिंक, चिकटवला, की नव्या बातम्या मेलप्रमाणेच एकाखाली एक येऊन बसतात, न वाचलेल्या ठळक अक्षरांत दिसतात आणि, माझ्या मते हीच खरी जमेची बाजू, मेलसाठीचे फिल्टर त्यांनाही लावता येतात. शीर्षकात ‘क्रिकेट’ असलेली प्रत्येक बातमी वेगळ्या फोल्डरमध्ये धाडली (क्रिकेटप्रेमींनी राग मानू नये), तर ऐन आयपीएलच्या दिवसांतही मुख्य यादी सुटसुटीत राहते.

काही वृत्तसंकेतस्थळांच्या फीडमध्ये शीर्षक आणि जेमतेम दोन ओळीच येतात, पण त्याचा दोष प्रोग्रामकडे जात नाही. त्याची स्वतःची मोठी उणीव वेगळीच आहे: फीड त्या संगणकापुरतीच राहतात आणि मोबाइलवर काय वाचून झाले याचा मेळ बसत नाही. त्यामुळे लोकलमध्ये उभ्याने बातम्या वाचणाऱ्यांनी फीडली किंवा इनोरीडर या मोबाइलवरही चालणाऱ्या फीड-वाचन सेवांपैकी एक घ्यावी. थंडरबर्डमधील फीडची यादी ओपीएमएल या, फीडचे पत्ते साठवणाऱ्या फाइलच्या रूपाने तिकडे सहज नेता येते.