मुंबईतला डीपी रिमार्क : घरबांधणीसाठी आरक्षित जमिनीच्या मालकाला कितपत पुरतो?

भूखंडावर सार्वजनिक घरांचं आरक्षण आहे, तर मुंबई महापालिकेच्या ऑनलाइन डीपी रिमार्कवरून (विकास आराखड्यात त्या भूखंडासाठी काय ठरवलंय, ते सांगणारा दाखला) मालकाला पुढचं पाऊल ठरवता येतं का? माहितीची सेवा म्हणून आम्ही तिला पाचपैकी चार गुण देऊ. पण एवढ्याच कागदावर व्यवहार किंवा नोटीस बेतली, तर दोनच.

रिमार्क मागवणं सोपं आहे. वॉर्ड आणि गाव किंवा डिव्हिजन निवडायचं, शहरात सी.एस. आणि उपनगरात सी.टी.एस. नंबर (जमीन मोजणीच्या नोंदीतला भूखंडाचा क्रमांक) टाकायचा, शुल्क भरून नकाशासह पीडीएफ उतरवायची. नंबर मात्र ताज्या मिळकत पत्रिकेवरून घ्या, जुन्या खरेदीखतावरून नको. मधल्या काळात पोटहिस्से पडले असतील तर भलत्याच तुकड्याचा रिमार्क हाती येतो. झोन, आरक्षणाचं नाव आणि प्रस्तावित रस्ता एकाच ठिकाणी कळतात, ही या सेवेची खरी ताकद.

नकाशावरच्या रेषेवर मात्र फार भिस्त ठेवू नका. आरक्षण भूखंडाच्या काही भागावरच असेल, तर किती चौरस मीटर बाधित हे सिटी सर्व्हेची मोजणी आणि आरक्षणाची जागेवर आखणी झाल्यावरच पक्कं होतं. मोबदला असो वा टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क), हिशोब त्या आकड्यावर चालतो.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे संपादन कुठवर आलंय, हे या कागदावरून कळत नाही. ते संपादन विभागाकडे लेखी विचारा, नाहीतर माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 126 नुसार आरक्षित जमीन घेण्याचे तीन मार्ग आहेत : संमतीने पैसे देऊन, टीडीआर किंवा एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचं प्रमाण) देऊन, नाहीतर राज्य सरकारमार्फत सक्तीने. सक्तीच्या संपादनात 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे बाजारमूल्यावर 100 टक्के दिलासा रक्कम मिळते. टीडीआर घ्यायचा तर तो शहरात बाधित क्षेत्राच्या अडीचपट, उपनगरात दुप्पट. पण जमीन भारमुक्त, सपाट आणि कुंपणभिंत घालून द्यावी लागते. भाडेकरू किंवा झोपड्या असलेल्या जमिनीचं घोडं इथेच अडतं.

प्राधिकरण काहीच करत नसेल तर कलम 127. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही आणि संपादनाची घोषणाही राजपत्रात आली नाही, तर मालकाला खरेदी सूचना (जमीन विकत घ्या, अशी लेखी नोटीस) देता येते. सूचना पोचल्यापासून 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, मग बारा झाली. जुन्या निकालांतले आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा. नुसता महापालिकेचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र म्हणजे ‘पावलं’ नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 मध्येच स्पष्ट केलं.

सूचना फसते ती बहुतेक वेळा साध्या कारणांनी. मालकी हक्काचे कागद जोडलेले नसतात. वारसांची नोंद मिळकत पत्रिकेवर चढलेली नसते. सूचना एकाच कार्यालयात दिली जाते आणि आरक्षणाचं समुचित प्राधिकरण (ज्या संस्थेसाठी जमीन राखली आहे ती) दुसरंच निघतं. म्हणून दोन्हीकडे द्या आणि पोच जपून ठेवा. कलम 49 ची खरेदी सूचना राज्य सरकारला द्यायची असते, ती वेगळी. दोन्हींची सरमिसळ करू नका.

तारखांचा घोळ सर्वात महाग पडतो. 1991 च्या आराखड्यातलं आरक्षण 2034 च्या आराखड्यात पुढे चालू राहिलं असेल आणि सुधारित आराखडा लागू होण्याआधी सूचना दिलेली नसेल, तर 10 वर्षं नव्याने मोजली जातात. 2034 चा आराखडा 2018 मध्ये अंमलात आला. त्यामुळे ‘तीस वर्षं झाली, आता आरक्षण गेलंच’ असं सांगून कोणी जमीन विकत असेल, तर त्याच्याकडे आधी जुन्या सूचनेची पोच मागा.

आरक्षण व्यपगत झालं तर तसा आदेश राजपत्रात यावा लागतो आणि मग शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो इथेही चालतो. तो आदेश हातात आल्यावर रिमार्क पुन्हा काढा. आर्किटेक्टला जुना नव्हे, हा नवा कागद द्या.