व्हिटेकर की लॉफ्टन? नाव एकच लिहायचं असेल तर

मित्रमंडळींच्या लुटुपुटूच्या मतपत्रिकेवर अमेरिकन बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मान-दालनासाठी, एकच नाव लिहायचं आहे, आणि तुम्ही लू व्हिटेकर आणि केनी लॉफ्टन यांच्यात अडकला आहात. अडकणं साहजिक आहे. बेसबॉल पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मिळाले तर कूपरस्टाउनमध्ये, म्हणजे हॉल ऑफ फेमच्या गावी, प्रवेश, आणि ५ टक्क्यांच्या खाली गेलात तर नाव यादीतून कायमचं बाद. व्हिटेकरला २००१ मध्ये २.९ टक्के मिळाले, लॉफ्टनला २०१३ मध्ये ३.२. दोघंही पहिल्याच फेरीत गारद. आता उरली ती अशा सुटलेल्या नावांचा पुन्हा विचार करणारी १६ जणांची समिती, आणि तिथे १२ मतं लागतात.

लॉफ्टनची बाजू डोळ्यांना सुखावणारी. सेंटर फील्डमधला, म्हणजे मैदानाच्या मागच्या मधल्या भागातला, वारा म्हणा ना. १९९२ ते १९९६ सलग पाच वर्षं अमेरिकन लीगमध्ये (मोठ्या स्पर्धेच्या दोन लीगपैकी एक) सर्वाधिक बेस त्यानेच चोरले, म्हणजे सहकाऱ्याच्या फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला. कारकिर्दीत एकूण ६२२. फलंदाजीची सरासरी .२९९, क्षेत्ररक्षणाचे चार गोल्ड ग्लव्ह पुरस्कार. १९९५ च्या प्लेऑफमध्ये सिअ‍ॅटलला रँडी जॉन्सनचा चेंडू कॅचरच्या हातून निसटला आणि हा गडी दुसऱ्या बेसवरून थेट 'घरी', म्हणजे धाव पूर्ण होते त्या होम बेसवर, पोचला. त्याचं नशीब मात्र फुटकं. २०१३ च्या यादीत बाँड्स, क्लेमन्स, सोसा अशी उत्तेजकांच्या वादातली बडी नावं एकदम आली, एका मतदाराला दहापेक्षा जास्त नावं लिहिता येत नाहीत, आणि त्या गर्दीत लॉफ्टन चेंगरला. पत्रकारांनी त्या वर्षी कुणालाच निवडलं नाही, ही आणखी गंमत. शिवाय तो ११ संघांतून खेळला. त्याला 'आमचा' म्हणून भांडणारं एक शहर उरलं नाही. क्लीव्हलँड काय ते थोडंफार.

व्हिटेकरचं उलट. १९७७ ते १९९५, सगळी कारकीर्द डेट्रॉइट टायगर्सकडे. सेकंड बेसजवळचा क्षेत्ररक्षक असून २,३६९ हिट्स (बेस मिळवून देणारे फटके) आणि २४४ होम रन. बदली खेळाडूच्या तुलनेत संघाला किती जास्त विजय मिळवून दिले हे मोजणाऱ्या 'वॉर' या आकड्यात तो ७५ च्या आसपास, लॉफ्टन ६८ च्या. त्याचा दोष एवढाच की एखादं भन्नाट वर्ष त्याच्या नावावर नाही. लॉफ्टन १९९४ मध्ये एमव्हीपीच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूच्या, मतदानात चौथा आला होता. व्हिटेकरची सर्वोत्तम मजल आठव्या स्थानापर्यंत. शिखर बघणाऱ्याने लॉफ्टनला मत द्यावं, हे मी मान्य करतो.

पण माझं मत व्हिटेकरला, आणि त्याचं कारण अ‍ॅलन ट्रॅमेल. त्याच संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. दोघं एकाच दिवशी, एकाच सामन्यात मोठ्या लीगमध्ये उतरले आणि १,९१८ सामने एकत्र खेळले. ट्रॅमेलच्या हिट्स २,३६५. चार कमी! होम रन १८५, म्हणजे बरेच कमी. ट्रॅमेल २०१८ मध्ये आत गेला. जोडीतला एक आत आणि दुसरा दाराबाहेर, याचं समर्थन मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

कुणी म्हणेल, साठच्या दशकातल्या कर्ट फ्लडचं काय? तो या तराजूत बसतच नाही. सात गोल्ड ग्लव्ह असले तरी हिट्स १,८६१ वर थांबल्या. पण १९६९ मध्ये त्याने दुसऱ्या संघाकडे झालेली बदली नाकारली, खेळाडू ही मालकाची मालमत्ता नव्हे म्हणत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ असा हरला. हरला तरी तीन वर्षांत खेळाडूला मालकाशी बांधणारं ते जोखड लवादाने मोडलंच. खेळावर उमटलेला ठसा मोजायचा असेल तर या दोघांना बाजूला ठेवून फ्लडचं नाव लिहा.

व्हिटेकरला २०१९ च्या समितीत १६ पैकी ६ मतं पडली. १९८५ च्या ऑल-स्टार सामन्याला (निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्याला) तो स्वतःची जर्सी विसरून आला होता. मग स्टॉलवरून चाहत्यांसाठीची जर्सी विकत आणली आणि पाठीवर मार्करने आपला १ आकडा काढला. ती जर्सी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात पोचली आहे. तो मात्र अजून कूपरस्टाउनच्या बाहेरच.