इलेक्ट्रो-हार्मोनिक्स बी९: गिटारमधून ऑर्गन काढायचा तर

गिटारला ऑर्गनचा आवाज देणारं बी९ हे पेडल चालू करून सहाही तारांवर भरगच्च ई मेजर खरडली, तर पहिल्याच मिनिटात निराशा होते. ऑर्गन ऐकू येतो, पण चिखलात रुतलेला. तीच कॉर्ड डी, जी आणि बी या तीन तारांवर धरा आणि पिक बाजूला ठेवून तीन बोटांनी एकदम उचला. आता पाठ करून बसलेल्याला कीबोर्ड वाजतोय असंच वाटेल. या पेडलबद्दल तक्रारी करणारे आणि त्यावर फिदा असणारे असे दोन गट दिसतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा या एवढ्याशा फरकात असतं.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं २०१४ साली आलेलं हे पेडल डेव्हिड कॉकरेल या इंजिनिअरच्या हातचं. वेगळा पिकअप (तारेची थरथर टिपणारा भाग) लागत नाही, मिडीची डिजिटल जोडणी लागत नाही. साध्या गिटारचा साधा जॅक खुपसायचा. नऊ आवाजांचा फिरता स्विच, एक फूटस्विच आणि चार नॉब: ड्राय, ऑर्गन, मॉड, क्लिक. मागे दोन आउटपुट आहेत. ‘ऑर्गन’मधून ड्राय आणि ऑर्गन या दोन नॉबनी ठरवलेलं मिश्रण येतं, ‘ड्राय’मधून गिटार जशीच्या तशी. सोबतचा अडॅप्टर ९.६ व्होल्टचा, आतलं टोक निगेटिव्ह. एकाच अडॅप्टरवर पाच-सहा पेडलं लोंबकळत असतील तर डिजिटल पेडलची किरकिर बाकीच्यांत शिरते, म्हणून याला पॉवर सप्लायचं स्वतंत्र आउटलेट द्यावं.

हे पेडल काय करतं ते कळायला हॅमंड या जुन्या इलेक्ट्रिक ऑर्गनकडे थोडं बघावं लागतं. हॅमंडच्या ड्रॉबार-संचात, म्हणजे ओढायच्या दांड्यांच्या संचात, साधारणपणे नऊ दांडे असतात. त्यांची नावं पाइप-ऑर्गनच्या नळीच्या लांबीवरून. ८ फुटी दांडा म्हणजे मूळ स्वर, १६ फुटी खालचं सप्तक, ४ फुटी वरचं, आणि मधला ५ १/३ फुटी मूळ स्वराचा पंचम. दांडे कमी-जास्त ओढून आवाज घडवायचा. बी९ तारेच्या सुराभोवती असेच वरचे-खालचे स्वर उभे करतं आणि तार छेडल्यावर येणारा ठणका पुसून आवाज सपाट करतं. कॉर्डमधल्या सगळ्या सुरांवर हे एकाच वेळी चालतं, आणि त्यासाठी थांबावं लागतंय असं बोटांना जाणवत नाही. पेडलची खरी करामत इथे आहे.

मात्र ऑर्गनची पट्टी दाबून ठेवली की सूर तसाच राहतो, तार मात्र मरते. बी९ तारेचं मरण लांबवतं, टाळत नाही. सूर पार बारीक झाला की ऑर्गनही थरथरून तुटतो. पेडलच्या आधी कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार आवळणारं पेडल) लावला तर बराच फरक पडतो: गुणोत्तर ४:१ च्या आसपास, अटॅक जलद, रिलीज लांब. त्याहून जास्त पिळलं तर पिकअपची घरघर आणि शेजारच्या तारेची पुसट गुणगुणही वर येते, आणि पेडल तिलाही इमानदारीने ऑर्गन बनवतं. डिस्टॉर्शन किंवा फझ, म्हणजे आवाज फाडणारी पेडलं, कधीही आधी नको. एकदा का सुरांची सरमिसळ झाली की पेडलला कॉर्ड उलगडत नाही, नुसती गरगर ऐकू येते. ड्राइव्ह, म्हणजे आवाजाला थोडी फाट, हवा असेल तर ऑर्गन आउटपुटनंतर, तोही हलका. तसाही तो तापलेल्या व्हॉल्व अँपसारखा शोभतो.

व्हॉल्यूम पेडलही नंतरच. हॅमंडची पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. चढउतार सगळा पायाने. गिटारवाल्याला ही सवय नसते, त्यामुळे तो हाताने जोर काढतो आणि नक्कल तिथेच उघडी पडते. व्हॉल्यूम पेडल आधी लावलं तर बी९ उपाशी राहतं आणि पाय उचलला की सूर अडखळतात.

नऊ आवाजांत सगळ्यांत कामाचा ‘जॅझ’. हॅमंडवर पहिले तीन ड्रॉबार पूर्ण ओढून, बाकीचे आत ठेवून, वर पर्कशनची टिचकी देतात त्या घराण्याचा हा आवाज. इथे ड्राय शून्यावर, आणि घड्याळाच्या काट्याच्या हिशोबाने ऑर्गन बारावर, क्लिक दहाच्या जरा पुढे. क्लिक यापेक्षा वाढवला तर प्रत्येक स्वराला टिचकी बसते आणि पोल खुलते, कारण खऱ्या हॅमंडवर सगळ्या पट्ट्या सोडल्याशिवाय पर्कशन पुन्हा वाजत नाही. ‘गॉस्पेल’ आणि ‘क्लासिक रॉक’ बँडमध्ये चटकन जागा पकडतात. ‘कॅथीड्रल’ एकट्याने वाजवायला सुंदर, ड्रम सुरू झाले की धुकं. ‘कॉन्टिनेंटल’ ट्रान्झिस्टर ऑर्गनचा पातळ, किरटा आवाज देतो. तो किरटाच हवा, ईक्यूने गोड करायला जाऊ नये. ‘बेल ऑर्गन’ एखाद्या गाण्यापुरता.

खरी उणीव लेस्लीची, म्हणजे हॅमंडला जोडतात त्या फिरत्या स्पीकरची. लेस्ली स्पीकरमध्ये वरचा कर्णा आणि खालचा ड्रम फिरतात, संथ वेगात मिनिटाला साधारण ४० ते ५० फेरे, जलद वेगात ४०० च्या आसपास. जीव आहे तो वेग बदलण्यात: कर्णा चटकन पळतो, जड ड्रम मागून रेंगाळत येतो, आणि त्या तीन-चार सेकंदांत आवाज उसळतो. बी९ मध्ये वेग मॉड नॉबने बदलतो, म्हणजे वाजवताना खाली वाकून. संथ-जलद करायला पायाखाली काही नाही, एक्स्प्रेशन पेडल (पायाने नॉब फिरवायची सोय) जोडायचं भोकही नाही. म्हणून मॉड कमी ठेवून पुढे रोटरी, म्हणजे लेस्लीची नक्कल करणारं पेडल लावावं. स्ट्रायमनचं लेक्स किंवा निओ इन्स्ट्रुमेंट्सचं व्हेंटिलेटर दोन्ही चालतात, जमलं तर स्टिरिओत. हा जोड खर्च आधीच धरून चालावं. सेटिंग साठवायची सोय नाही ही दुसरी खोट. दोन गाण्यांत दोन आवाज हवे असतील तर मधल्या वेळात हातानेच नॉब फिरवायचे.

अँपचं गणित वेगळं. गिटारची जाडी ई तार ८२ हर्ट्झवर असते, खालचं सप्तक जोडलं की ४१ वर. गिटारच्या अँपमधून ते नीट येत नाही, स्पीकर नुसता फडफडतो. ऑर्गन आउटपुट कीबोर्ड अँपला किंवा डीआयमधून (सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) सरळ मिक्सरला द्यावं, ड्राय आउटपुट नेहमीच्या अँपला. मग गिटार आणि ऑर्गन दोन वेगळ्या जागांवरून ऐकू येतात आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत.

आता हात. जाड्या दोन तारा बेसवाल्याला सोडा, कॉर्डमधला मूळ स्वरही त्याच्यावर सोडला तरी चालतं. तीन, फार तर चार स्वर. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना सामाईक स्वराचं बोट उचलू नका: सी मेजरवरून ए मायनरवर जाताना सी आणि ई तसेच राहतात, फक्त जी चा ए होतो. बोट जिथल्या तिथे राहिलं की सूर जोडलेला राहतो, उचललं की भोक पडतं. आणि थांबायचं तेव्हा डाव्या हाताने तारा झटकन दाबून थांबायचं, पट्टी सोडल्यासारखं. बेंड तर विसराच. पट्ट्यांच्या ऑर्गनमध्ये सूर असा ताणला जात नाही. सुरात नसलेली गिटार इथे लपत नाही. प्रत्येक चूक वरच्या आणि खालच्या सप्तकात पुन्हा वाजते, त्यामुळे बाराव्या फ्रेटवरचा सूर तपासून इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर जुळणं) लावून घेतल्याशिवाय पेडलला दोष देऊ नये.

रॉक ऑर्गन, बासरी आणि जुन्या कॉम्पॅक्ट ऑर्गनचे आवाज हवे असतील तर २०१५ चं सी९ बघावं. नॉबची मांडणी तशीच, उणिवाही त्याच. आधी पीओजी (याच कंपनीचं वरची-खालची सप्तकं जोडणारं पेडल) असेल आणि ऑर्गनचा नुसता भास पुरत असेल, तर बी९ घेण्याआधी तेच पैसे चांगल्या रोटरीवर घालावेत.