झुकिनीचं दहा बियांचं पाकीट: बी चोख, मागचा मजकूर नागपूरचा नाही

पाकिटावर हिरवीगार लांबट झुकिनी, खाली ‘समर स्क्वॉश, एफ-1 हायब्रिड’ (एफ-1 म्हणजे दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी) आणि मागे बारीक अक्षरात ‘वर्षभर लागवड, वेलींत अंतर 30 सेंमी’. बियाण्याला पाचपैकी चार, या मजकुराला एक.

आधी बियाणं. बिया भरीव, एकसारख्या, औषध लावून रंगवलेल्या. औषध धुऊन जातं म्हणून अशा बिया भिजत घालू नयेत, हाताळल्यावर हात धुवावेत. लेबल हिरव्या रंगाचं, म्हणजे ‘ट्रूथफुल’ बियाणं: उगवणीची हमी कंपनीची, सरकारी प्रमाणीकरण नाही (प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं असतं). त्यावर उगवण किमान 60 टक्के छापलेली आहे आणि भोपळावर्गीय बियाण्याला तेवढीच अट असते. चाचणीच्या तारखेपासून वैधता नऊ महिने. दुकानात काचेच्या कपाटात उन्हाला टांगलेलं पाकीट तारीख बरोबर असली तरी घेऊ नका. दहाच्या दहा एकदम पेरायचं कारण नाही. चार पेरा, उरलेल्या हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवा.

आता मागचा मजकूर. स्क्वॉश म्हणजे भोपळ्याच्या कुळातली फळभाजी, आणि त्यातलं ‘समर’ म्हणजे उन्हाळ्यात लावायचं नव्हे. कोवळं तोडून सालीसकट खायचं ते समर, पिकवून साठवायचं ते विंटर. आपल्या विदर्भातलं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, या दुसऱ्या गटातलं. नागपुरात मार्च सरता सरता पारा 40 कडे जातो, नर फुलं वाढतात, परागात दम राहत नाही आणि मादी फुलं गळतात. पावसाळ्यात काळ्या मातीत बुंधा कुजतो. खरे हंगाम दोनच: दसरा ते दिवाळी, नाहीतर संक्रांतीच्या आसपास. संक्रांतीला पेरलेल्या झाडाची पहिली तोडणी 45 ते 55 दिवसांत, होळीच्या सुमारास हाती येते. फक्त जानेवारीच्या थंड रात्रीत बी रुसतं. कागदी कपात 2 सेंमी खोल पेरून कप घरात उबेला ठेवा. 25 ते 30 अंशांत ते चार ते सात दिवसांत वर येतं. थंड मातीत आठवडाभर जास्त लागतो, कधी बी कुजतंच. दुसरं खरं पान (बीतून निघणाऱ्या जाड दोन पानांनंतरचं) दिसताच मातीच्या गोळ्यासकट हलवा, मूळ उघडं पडू देऊ नका.

30 सेंमी अंतर तर चक्क चुकीचं. मुळात ही वेल नव्हे, झुडूप आहे. पसारा जवळपास मीटरभर, त्यामुळे जमिनीत 75 ते 90 सेंमी सोडा, मांडवाची गरज नाही. गच्चीवर 15 बाय 15 इंचांच्या, साधारण 40 लिटर मातीच्या ग्रो-बॅगेत एकच झाड. नुसती काळी माती भरली की पाणी दिल्यावर चिखल, वाळल्यावर भेगा. निम्मी माती, तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत, बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कच्चं शेण घातलं तर पानं हत्तीच्या कानाएवढी होतात आणि फळ नाही.

पाकिटावर ज्याचा शब्दही नाही ते परागीभवन. नव्या माणसाची नव्वद टक्के तक्रार, ‘बोटभर फळ पिवळं पडून टोकाकडून सडतं’, ही बियाण्याची चूक नसते. परागच पोचलेला नसतो. फूल पहाटे उघडतं, ऊन चढताच मिटतं. सात-आठच्या आत नर फूल (देठ सडपातळ) तोडून पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या (मागे इवलं फळ) मध्यभागावर हलकेच फिरवा. नर-मादी एकाच दिवशी फुलतीलच असं नाही, म्हणून किमान दोन झाडं हवीत. फळ मोठं झाल्यावर टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडला तर कारण वेगळं: पाण्याची ओढाताण. कधी कोरडं, कधी भरपूर, असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.

पानांवर शिरांलगत चंदेरी ठिपके दिसले की लोक फवारा काढतात. थांबा. बऱ्याच हायब्रिडचा तो जातीचाच गुण असतो, रोग नव्हे. बोटाने पुसली जाणारी पांढरी पूड असेल तर ती भुरी. विरघळणारं गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी. पारा 32 च्या वर असेल तर मारू नका, पान करपतं. रोपावस्थेत लाल भुंगेरे दोन दिवसांत पानं चाळणी करतात. सकाळी सुस्त असताना वेचून साबणाच्या पाण्यात टाका, किंवा जाळी घाला आणि पहिलं फूल येताच काढा.

15 ते 20 सेंमीला फळ तोडा, दिवसाआड फेरी मारा. पानाआड लपलेलं एक फळ फुगलं की झाड नवीन फळं धरणं थांबवतं. पुढच्या वर्षीसाठी त्याचं बी राखायचा मोह नको: हायब्रिडचं बी मूळ गुण देत नाही. आणि कोणतंही फळ चाखताना कडू लागलं तर भाजीत न घालता फेकून द्या, शिजवून कडूपणातलं विष जात नाही.