ओलान्झापिन : तीन वर्षांच्या वापरानंतर

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि तो गेली तीन वर्षे ओलान्झापिन घेत आहे. आम्ही गोव्यात फोंड्याजवळ राहतो. आजाराच्या सुरुवातीला रात्री कौलांवर बसून कोणीतरी आपल्याविषयी बोलत असते, असे तो सांगत असे आणि पहाटेपर्यंत अंगणात उभा राहत असे. गोळी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला झोप लागू लागली. आवाज मात्र विरायला जवळजवळ दीड महिना लागला. ज्या कामासाठी हे औषध दिले, ते त्याने चोख केले, हे मी प्रथम नोंदवतो.

डोपामिन व सेरोटोनिन या रासायनिक संदेशवाहकांच्या मेंदूतील ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) काम करणारे हे दुसऱ्या पिढीचे मनोविकारविरोधी औषध आहे. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारातील उन्माद हे त्याचे मुख्य उपयोग असले, तरी केमोथेरपीनंतरची मळमळ थांबवण्यासाठीही ते कमी मात्रेत देतात, तेव्हा कर्करुग्णाच्या चिठ्ठीवर हे नाव दिसल्यास घरच्यांनी घाबरू नये. हॅलोपेरिडॉल या याच कामाच्या जुन्या औषधाच्या तुलनेत अंग ताठरणे आणि हात कापणे यांचा त्रास याने कमी होतो.

त्याची खरी किंमत भुकेत मोजावी लागते. जेवून उठल्यावर अर्ध्या तासात भाऊ पुन्हा भाताचे टोप उघडून पाहत असे आणि संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की एकटाच चार उंडे (गोल पाव) संपवत असे. सहा महिन्यांत त्याचे वजन ६१ किलोवरून ७० किलोवर गेले आणि उपाशीपोटीची साखर ११८ भरली. औषध सुरू करण्यापूर्वी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबी यांची नोंद करायची असते, तीन महिन्यांनी ती पुन्हा तपासायची असते आणि पुढे वर्षातून किमान एकदा पाहायची असते. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी यातले काहीही सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. त्याहून अधिक वाईट वाटते ते त्या दिवसांत आम्ही त्याला खादाड म्हटल्याचे. ती भूक औषधाने लावलेली होती.

दुसरी गोष्ट सिगारेटची. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) अधिक जोमाने काम करते आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर बाहेर पडते. धूम्रपान थांबले की तीच मात्रा रक्तात जास्त साठू लागते. भावाने श्रावणात सिगारेट सोडली, आम्ही सगळे आनंदलो, आणि गणेश चवथीच्या दिवशी आरती चालू असताना तो माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, बसल्या बसल्या झोपला. आजार उलटला असे आईला वाटले. नव्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न सिगारेटविषयी विचारला आणि मात्रा १५ मिलिग्रॅमवरून १० वर आणली. हा परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नव्हे, म्हणून सिगारेट सोडून निकोटिनचा च्युइंगम घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना हे आधी सांगितले पाहिजे.

फेणी असो वा बिअर, मद्याबरोबर हे औषध गुंगी वाढवते आणि रक्तदाब उतरवते. एकदम उठल्यास भोवळ येते, त्यामुळे रात्री लघवीला उठताना भाऊ आधी खाटेच्या कडेला थोडा वेळ बसतो. शरीराची उष्णता सांभाळण्याची शक्तीही कमी होत असल्याने एप्रिल-मे महिन्यांत आम्ही त्याला दुपारी बागायतीत पाठवत नाही. कडक ताप, ताठरलेले स्नायू आणि गोंधळलेले बोलणे एकत्र दिसल्यास वाट न पाहता १०८ला फोन करावा. ही अवस्था क्वचित येते, पण ती जिवावर बेतू शकते. तोंडाच्या किंवा जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली दिसल्या, तर त्याही लपवू नयेत.

एका औषध दुकानाविषयी माझी तक्रार आहे. शेजारच्या एका कुटुंबाने स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला शांत झोप लागावी म्हणून हीच गोळी ओळखीवर, चिठ्ठीशिवाय आणली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या गटातील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिलेला आहे, आणि चिठ्ठीशिवाय हे औषध विकणे आपल्याकडे नियमबाह्य आहे. दुकानदाराने दोन प्रश्न जरी विचारले असते, तरी ती गोळी त्या घरात गेली नसती.

जिभेवर विरघळणारी गोळीही मिळते आणि गालात गोळी लपवणाऱ्या रुग्णासाठी ती फार उपयोगी आहे. मात्र ती कोरड्या हाताने आणि घेतानाच पाकिटातून काढावी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत आठवड्याच्या डबीत काढून ठेवलेल्या आमच्या गोळ्यांचा लगदा झाला होता.

वजनामुळे अरिपिप्राझोल या दुसऱ्या औषधावर जाण्याचा पर्याय डॉक्टरांनी मांडला होता. भावाने दोन दिवस विचार केला आणि सध्या हेच औषध ठेवायचे असे सांगितले, कारण आवाज परत येण्याची भीती त्याला वजनापेक्षा मोठी वाटते. आता तो रोज सकाळी चार किलोमीटर चालतो आणि उंडे दोनच घेतो. जूनमधील तपासणीत साखर १०४ होती. पुढची तपासणी डिसेंबरमध्ये आहे, आणि तिची तारीख त्याने स्वतःच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.