टोटेम खांब: खड्ड्यात रोवावा की पोलादी आधारावर?
टोटेम म्हणजे कुळाची चिन्हं आणि कथा कोरलेला उंच लाकडी खांब. कॅनडातल्या हैदा ग्वाई बेटांवर रेड सीडर या झाडाचा असा कोरीव खांब खोल खड्ड्यात उतरवतात, शेकडो हात दोर ओढून तो उभा करतात. २०१३ मध्ये तिथल्या ग्वाई हानास या राष्ट्रीय उद्यानातला ४२ फुटी खांब असाच दोरांनी चढला. हीच पद्धत आम्हाला खरी वाटते. सोहळा साऱ्या समाजाचा होतो. कुजणं मात्र जमिनीलगत सुरू होतं, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. कालांतराने खांब मातीत मिसळणं समाजाला मान्य हवं.

शहरातल्या वर्दळीच्या चौकात काँक्रीटच्या पायावर पोलादी खांब उभारून त्याला टोटेमची पोखरलेली पाठ बोल्टने जोडणं सुरक्षित. बुंधा काँक्रीटला टेकवू नका, आडव्या कापातून लाकूड पाणी शोषतं. बोल्टच्या भोकांतही पाणी साचू देऊ नका.